मंद गतीची चाकं

४ फेब्रुवारी

आज एक बंद पडलेला कॅमेरा विकत घेतला. घेतल्यापासून तो का घेतला याचं कारण शोधतेय.

रविवारच्या जुन्या बाजारात गेले होते शिलाई मशीनचा पट्टा बघायला. चादरीवर नळ, कुलपं, बिनकाट्यांची घड्याळं पसरलेली आणि त्यांच्यामध्ये हा, कातडी पिशवीत. उचलला तर हाताला चांगलाच भरला. चालणाऱ्या गोष्टी आजकाल इतक्या जड नसतात.

"चालू आहे ना?" मी विचारलं.

"चालू आहे बाई, फक्त चालत नाही," विकणारा म्हणाला. इतकं खरं बोलणारा दुकानदार भेटला की घासाघीस करवत नाही. साध्या चपलांच्या जोडाच्या किमतीत पडला. पट्टा राहिलाच.

घरी भावजयीने तो उलटासुलटा करून पाहिला. "ताई, यात फोटो दिसतो कुठे?"

"दिसत नाही. फिल्म धुवावी लागते."

"काढल्यावर लगेच दिसत नाही? मग काढायचा कशाला?"

 खरं तर याचं उत्तर मलाच सुचायला हवं होतं. नोकरीभर इस्पितळात एक्स-रे काढले. त्यातली निम्मी वर्षं लाल दिव्याच्या खोलीत फिल्म धुण्यात गेली. मग कॉम्प्युटर आले आणि त्या खोलीत झाडू आणि बादल्या ठेवायला लागले. डिसेंबरात मी निवृत्त झाले. तेव्हापासून घरात नुसती इकडून तिकडे करते. भाऊ म्हणतो, आराम कर. आराम कसा करतात ते कुणी शिकवलं नाही.

७ फेब्रुवारी

कॅमेऱ्याचं मागचं दार उघडलं. कडेला लावलेल्या फोमचा डांबरासारखा चिकटा झालाय. बोटं काळी, टेबलक्लॉथ काळं, भावजयीचं तोंड लाल.

लेन्स खिडकीकडे धरून पाहिली. आत बारीक पांढरं जाळं आहे, पाण्यात ठेवलेल्या कांद्याला मुळं फुटतात तसं. बुरशी असावी. काचेला बुरशी! ती खाते काय तिथे?

गतीची चकती फिरवून बघितली. जलद गतीला बटण दाबलं की "टक्" असा छान आवाज येतो. एक सेकंदावर ठेवून दाबलं तर "ट" म्हणतो आणि पुढचं विसरतो. आतला आरसा वर अडकून बसतो, डोळ्यासमोर अंधार. चकती पुन्हा फिरवावी तेव्हा खाली येतो. हे पंधरावीस वेळा करून पाहिलं. आत नेमकं काय अडत असेल? आता ते बघितल्याशिवाय चैन पडायचं नाही.

९ फेब्रुवारी

केलं एकदाचं. इस्पितळात माझ्या जागी आलेली मुलगी गुणी आहे. जेवणाच्या सुट्टीत तिला म्हटलं, "एक पेशंट आणलाय. हाडं बघायची आहेत." कॅमेरा टेबलावर ठेवल्यावर ती दोन मिनिटं हसत होती. मग म्हणाली, "मॅडम, समोरून की बाजूने?"

दोन्ही काढले. काय दिसलंय! स्प्रिंगा, दात असलेली चाकं, तरफा, एकावर एक ठेवलेल्या काचा. एवढ्याशा पेटीत एक अख्खं गाव. खालच्या कोपऱ्यात इवल्या चाकांची एक माळ आहे. अडत असेल तर तिथेच, असं मला उगाचच वाटतंय.

१२ फेब्रुवारी

दुरुस्तीचं दुकान सापडलं. जिन्याखाली आहे, पाटीवरची अर्धी अक्षरं उडालेली. आत साठीचा एक माणूस, कपाळावर घड्याळजीचं भिंग, उजवा हात एप्रनच्या खिशात. किल्ल्या सांभाळत असल्यासारखा तो हात काही बाहेर येईना. नाव विचारायचं राहिलं, म्हणून इथे मी त्यांना भिंगबुवा म्हणणार आहे.

त्यांनी डाव्या हाताने कॅमेरा घेतला, बटण दाबलं, कान लावला. "ठेवून जा."

"किती दिवस लागतील?"

"सांगता येत नाही."

मागच्या कपाटात चिठ्ठ्या बांधलेले कॅमेरे खच्चून भरलेत. काही चिठ्ठ्या पिवळ्या पडल्यात. जुन्या चिठ्ठ्यांवर अक्षर ठसठशीत, नव्यांवर मुंगीएवढं. कागद वाचवतात की काय. आळशी आणि वर चिक्कू, असं मनात म्हटलं आणि पिशवीतून एक्स-रे काढून समोर ठेवला.

"हे काय?"

"पोटात दुखतंय म्हणत होता. म्हणून काढून आणला."

भिंगबुवा उठले, दारात उजेडाला धरून ती फिल्म पाहू लागले. किती वेळ पाहत होते! रस्त्यावरचे दोघेतिघे थांबून वर बघायला लागले. शेवटी म्हणाले, "मी आयुष्यभर ही यंत्रं खोललीत. न खोलता आतून कधी पाहिली नव्हती." मग त्याच चाकांच्या माळेवर बोट ठेवलं. "ही मंद गतीची चाकं. सेकंदभर शटर उघडं ठेवायचं तर कुणीतरी त्याला धरून ठेवायला हवं ना? ती ही. तेल सुकून गोंद झालंय."

म्हणजे माझा अंदाज बरोबर होता. चेहऱ्यावर दिसू दिलं नाही.

"बसा," ते म्हणाले. "तळाचे स्क्रू तुम्हीच काढा. मी सांगतो."

गिऱ्हाइकाने दुकानात जाऊन स्वतःच राबायचं, ही कुठली पद्धत! पण काढले.

२६ फेब्रुवारी

पाच-सहा फेऱ्या झाल्या. दर वेळी तेच. "चिमटा धरा." "ब्रश तुम्ही फिरवा." "घट्ट नका, स्क्रू बोलायला लागला की थांबा." ते शेजारी बसून फक्त बोलतात, उजवा हात खिशात तो खिशातच. मी मनात म्हटलं, चांगली शक्कल आहे, राब राब राबवून घ्यायचं आणि वर चहा पाजायचा.

चहाचंही तसंच. मी गेले की दोन कप मागवतात. माझा संपतो, त्यांचा तिथेच निवतो, साय धरतो. त्यांना चहा आवडत नसावा. केवळ माझ्यासाठी मागवतात, तेवढी माणुसकी आहे म्हणायची.

आज मंद चाकं धुऊन, सुकवून, सुईच्या टोकाएवढं तेल देऊन पुन्हा बसवली. "लावा एक सेकंद," ते म्हणाले.

मी बटण दाबलं. ट… झर्रर्रर्र… क्. आत भुंगा गुणगुणला आणि आरसा आपला आपण खाली आला. मी पुन्हा दाबलं. पुन्हा भुंगा. बहुधा मी ओरडले, कारण शेजारचा वह्यावाला डोकावून गेला. भिंगबुवा हसत होते. हसताना बरे दिसतात.

५ मार्च

फजिती.

पहिला रोल काढला होता. अंगण, मांजर, भाऊ पेपर वाचताना, पाण्याची टाकी. माझ्या खोलीला स्वतंत्र न्हाणीघर आहे, तिथे खिडकीला काळं कापड ठोकलं, इस्पितळातून भंगारात निघालेला लाल दिवा लावला आणि हात आपोआप जुन्या लयीत चालायला लागले. डेव्हलपर, पाणी, फिक्सर. किती दिवसांनी तो आंबट वास नाकात गेला!

फिल्म बाहेर काढली तर या टोकापासून त्या टोकापर्यंत काळीकुट्ट.

दुपारी लोंबणारी ती काळी पट्टी घेऊन दुकानात गेले. भिंगबुवांनी दोन-तीन प्रश्न विचारले आणि म्हणाले, "लाल दिवा चालू होता?"

"मग काय अंधारात चाचपडायचं?"

"हो. एक्स-रेच्या फिल्मला लाल दिसत नाही. हिला सगळं दिसतं."

एवढी वर्षं लाल उजेडाला मी अंधारच समजत होते. त्यांना म्हटलं, "तुम्ही आधी का नाही सांगितलंत?" तर म्हणाले, "मला काय ठाऊक तुम्ही कसं धुता? मी फिल्म कधी धुतलीच नाही. फक्त यंत्रं. फोटो स्टुडिओवाले काढायचे."

हे ऐकून मी थक्क झाले. आयुष्यभर कॅमेरे दुरुस्त करणाऱ्या माणसाने फोटो उमटताना पाहिलेलाच नाही! "दाखवीन एकदा," असं म्हणून बसले.

१६ मार्च

दुसरा रोल पूर्ण अंधारात धुतला. जमला! निगेटिव्हवर बारीक उलटी माणसं. ती दोरीवर वाळताना मी स्टुलावर बसून नुसती बघत राहिले.

छापायला मोठं करणारं यंत्र नव्हतं. भिंगबुवा म्हणाले, "माळ्यावर एक एन्लार्जर पडलंय, घेऊन जा. मला काय उपयोग." हातगाडीवरून आलं. भाऊ म्हणाला, "ताई, हे काय, विहीर खणायचं यंत्र?" घराचा जुना बाजार होतोय म्हणून तो कुरकुरतो. त्यात तथ्य आहे, कारण मध्यंतरी तीन लेन्स आल्यात. एकीने लांबचं झाड खिडकीत येऊन बसतं. दुसरीच्या आतल्या, उजेड कमीजास्त करणाऱ्या पात्यांना तेल लागलंय. तिसरीतही तशीच बुरशीची मुळं आहेत, पण तिच्यातून काढलेल्या चेहऱ्यांवर सकाळच्या धुक्यासारखा उजेड येतो. ती मी साफ करणार नाही.

तिच्यातूनच भावजयीचा फोटो काढला होता, तिला न सांगता. ओले केस सोडून गॅलरीत बसलीय, भेंडी चिरायची थांबवून कुठेतरी बघतेय. छापून तिला दिला. वाटलं, ओरडणार. ती किती तरी वेळ बघत बसली.

"मी अशी दिसते?"

"अशीच दिसतेस."

"मला कुणी असं बघितलं नाही कधी," ती म्हणाली आणि फोटो पदराआड धरून आत गेली.

२० मार्च

जेवताना भावाने सांगितलं, मेअखेर तो निवृत्त झाला की जूनमध्ये आपण सगळे भाचीच्या शहरात जायचं. तिला बाळ होणार आहे, जावई सारखा फिरतीवर. घर बघून ठेवलंय. "तुझी सोय हॉलमध्ये, ताई. एक छान पडदा लावू. आणि तू असलीस की बाळाची काळजीच नाही."

बाळ येणार याचा मला आनंदच झाला. भाची माझ्या अंगाखांद्यावर वाढली. म्हटलं, चला, चांगलंच झालं.

आता लिहिताना आठवतेय, मी हो कधी म्हटलं? नाही आठवत. तसं कुणी विचारलंही नव्हतं.

हॉलमध्ये अंधार कुठे करायचा हाही एक प्रश्न आहे.

१० एप्रिल

दुकानात सांगितलं की जूनमध्ये आम्ही जाणार.

 भिंगबुवा डाव्या हाताने टेबलावरचे स्क्रू एका बशीतून दुसऱ्या बशीत टाकत राहिले. मग म्हणाले, "बरं झालं. मीही दुकान आवरणार आहे, पावसाळ्याआधी." मी कारण विचारलं तर "आता कोण फिल्म वापरतं" एवढंच. मागचं कपाट भरून वाहतंय, गेल्या आठवड्यात एक गिऱ्हाईक दोन वर्षं झाली म्हणून आवाज चढवून गेलं, आणि हे म्हणे कोण वापरतं!

निघताना मी कॅमेरा पिशवीत घालायला लागले तर म्हणाले, "ठेवून जा. याचं मीटर उजेड चुकीचा सांगतंय."

आता मीटर! आधी मंद चाकं, मग फोम, मग आरशाचं रबर, मग चकती ढिली. दर वेळी नीट झाला म्हणून घ्यायला जावं तर नवं काहीतरी निघतं. मीटर महिन्यापूर्वी त्यांनीच तपासून बरोबर आहे म्हणाले होते. वय झालं, विसरत असतील.

तरी ठेवून आले. येताना उगाच चुकल्यासारखं वाटत होतं, हात मोकळे होते म्हणून असेल.

१९ एप्रिल

आज जे झालं ते कसं लिहावं कळत नाही.

रोज दुपारी जाते, आज दळणाच्या निमित्ताने सकाळीच त्या रस्त्याला होते. दुकानाचं शटर अर्धं वर. वाकून आत गेले. भिंगबुवा टेबलाशी, पाठमोरे. समोर माझा कॅमेरा, वरचं झाकण काढलेलं. उजव्या हातात स्क्रूड्रायव्हर होता. तो हात मी पहिल्यांदा बाहेर पाहत होते. आणि तो थरथरत होता. थोडासा नव्हे. वाऱ्यात पान हलतं तसा. डाव्या हाताने त्यांनी मनगट आवळून धरलं होतं, तरी स्क्रूड्रायव्हरचं टोक स्क्रूभोवती नाचत होतं, बसत नव्हतं. मग ते निसटलं. एक स्प्रिंग उडाली, बशी कलंडली, स्क्रू फरशीवर पसरले.

मी खाली वाकून गोळा करायला लागले.

"दुकान बंद आहे!" ते ओरडले. इतक्या दिवसांत त्यांचा आवाज चढलेला ऐकला नव्हता. "शटर खाली दिसत नाही? कुणी आत यायला सांगितलं?"

"अहो, स्क्रू…"

"राहू देत ते! जा तुम्ही."

मी आले निघून. दळण तिथेच राहिलं. घरी आल्यावर मुठीत बघितलं तर दोन स्क्रू होते.

२७ एप्रिल

इतके दिवस लिहिलं नाही, दुकानातही गेले नाही.

सगळं आता उलगडतंय, एकेक करून. खिशातला हात. निवणारा चहा: कप उचलला असता तर बशीत सांडला असता, म्हणून. चिठ्ठ्यांवरचं मुंगीएवढं अक्षर. "चिमटा तुम्ही धरा." माणसांच्या आतलं बघण्यात माझी उमेदीची वर्षं गेली आणि हातभर अंतरावर बसलेल्या माणसाचा हात मला दिसला नाही. त्यांना आळशी म्हटलं, चिक्कू म्हटलं. वर मी त्यांच्याकडे आयतं शिकतेय हे विसरून, राबवून घेतात म्हटलं.

एकच गोष्ट अजून कळत नाही. मीटर चांगलं होतं, तर एकट्याने झाकण काढायचा हट्ट कशाला? त्या दिवशी माझ्याकडून काढून घेता आलं असतं.

भावजयीने विचारलं, "कॅमेरेवाल्यांकडे जात नाही हल्ली?" म्हटलं, "ते रागावलेत." तिने माझ्याकडे असं काही बघितलं की जणू माझ्याच तोंडावर काहीतरी लागलंय.

२८ एप्रिल

गेले. दोन स्क्रू घेऊन.

ते बसले होते. माझा कॅमेरा अजून तसाच उघडा, वर स्वच्छ रुमाल झाकलेला. मी नेहमीच्या स्टुलावर बसले, रुमाल काढला, स्क्रू बशीत टाकले, चिमटा हातात घेतला आणि म्हटलं, "बोला. कुठून सुरू करायचं?"

 मग त्यांनी हात खिशातून काढून टेबलावर ठेवला. हलत होता. दोघांनी त्याच्याकडे पाहिलं.

"दोन वर्षं झाली," ते म्हणाले. "डॉक्टर म्हणतात वाढत जाईल. औषधाने दुपारी जरा बरा असतो."

"मग नवी कामं घेता कशाला? कपाट फुटायला आलंय."

"नाही म्हणायला जीभ वळत नाही. म्हणून ‘ठेवून जा’ म्हणतो." जरा थांबून म्हणाले, "ओरडलो त्या दिवशी. तुम्हाला तो नीट करून द्यायचा होता. माझ्या हाताने. जायच्या आधी."

"पण मीटर तर ठीकच होतं."

"हो," ते म्हणाले. "ठीकच होतं."

मग म्हणाले, "उडालेली स्प्रिंग सापडलेली नाही." आम्ही दोघं टॉर्च घेऊन फरशीवर रांगत होतो. कपाटाखाली सापडली. ती बसवायला मला संध्याकाळ झाली. तीनदा निसटली. चौथ्यांदा निसटली तेव्हा मी एक शब्द वापरला तो इथे लिहीत नाही. ते म्हणाले, "हां, आता झालात तुम्ही मेकॅनिक."

१४ मे

कपाटातले बरेच कॅमेरे गेले. रोज एखादा तरी होतो. ते सांगतात, मी करते. दुकान आवरायचं नाव आता ते काढत नाहीत. काही माझ्याकडून बिघडतातही. परवा एका शटरचा पडदाच फाडला. त्यांनी गिऱ्हाइकाला बोलावलं, खरं ते सांगितलं आणि बदल्यात स्वतःचा एक कॅमेरा देऊन टाकला. मला लाज वाटली. ते म्हणाले, "पहिल्या वर्षी मी चार फाडले होते. तेव्हा भरपाई माझ्या मालकाने दिली."

आज जेवताना भाऊ सामान बांधणाऱ्यांविषयी बोलत होता. मी म्हटलं, "मी येत नाही."

त्याला वाटलं जेवायला येत नाही म्हणतेय. "ही काय, बसलीयस की."

"तुमच्याबरोबर. नव्या घरी. बाळंतपणाला महिनाभर येईन, हक्काने येईन. पण राहणार इथेच. मागची खोली मला ठेवायला घरमालक तयार आहेत, विचारलंय मी."

घास त्याच्या हातात राहिला. "एकटी? या वयात? आणि करणार काय?"

"कॅमेरे दुरुस्त करणार."

"ताई, तो छंद आहे!"

"तुझी नोकरी लागली तेव्हा तुलाही काही येत नव्हतं."

"लोक काय म्हणतील, बहिणीला टाकून गेला! आम्ही तुझ्यासाठी पडद्याचं मापसुद्धा…"

इतका वेळ भावजय गप्प वाढत होती. तिने डाव खाली ठेवला. "तुम्ही त्यांना विचारलं होतंत का?"

"काय विचारायचं? घरचीच तर…"

"मीही घरचीच आहे. मलाही विचारलं नव्हतं. मी येतेय, कारण माझी लेक आहे तिथे. पण त्यांना विचारायला हवं होतं."

भाऊ तिच्याकडे बघतच राहिला. मीसुद्धा. मग तो माझ्याकडे वळून हळूच म्हणाला, "तू नसलीस तर मला करमायचं नाही, ताई." तेव्हा मात्र मला रडू आलं. हे आधी म्हणाला असता तर कदाचित गेलेही असते.

एवढ्यात फोन वाजला. दुकानातून होता. मी पदराने डोळे पुसत बोलले, "अहो, उद्या येतानाच आणते. हो, जेवले. तुम्ही जेवलात का?" फोन ठेवला तर दोघं टक लावून बघतायत.

"‘अहो’ कोण?" भावजय म्हणाली.

"दुकानातले. त्यांचं नाव घेऊन कशी हाक मारणार? मोठे आहेत."

"बरोबर आहे," ती म्हणाली. "नाव कसं घेणार." आणि भांडी घेऊन आत गेली. आतून तिचं हसणं ऐकू येत होतं. काय झालं होतं कोण जाणे.

२ जून

त्यांना फोटो उमटताना दाखवायचं कबूल केलं होतं. ते आज केलं.

सकाळी दुकानाच्या दारात, चांगल्या उन्हात, मी म्हटलं, "हाताचा काढू?" विचारल्यावर वाटलं, चुकलं. त्यांनी विचार केला आणि हात समोरच्या पेटीवर ठेवला. मी नजर लावली आणि सवयीने तोंडातून निघालं, "हलू नका."

जीभ चावली. पण तेच हसायला लागले. इतके हसले की डोळ्यांत पाणी. "बाई," म्हणाले, "ते आता यंत्राला सांगा."

मी चकती सेकंदाच्या हजाराव्या भागावर नेली. टक्. मग सावलीत नेऊन, लेन्सचं तोंड पार बारीक करून, एक सेकंदावर. भुंगा गुणगुणला.

दुपारी न्हाणीघरात. छपाईच्या कागदाला लाल दिवा चालतो, त्यामुळे चाचपडायचं नव्हतं. जागा कमी, ते उलट्या बादलीवर बसले. भावजय बाहेरून दर थोड्या वेळाने "चहा ठेवलाय हं!" असं मोठ्याने सांगत होती. चहा किती वेळा ठेवते ही बाई.

पहिला कागद द्रावणात सोडला. पांढराच. मग कडेने एक करडी रेघ, मग नखं, मग शिरा. ते पुढे वाकले.  कागदावर एक हात आला, स्थिर, रेखीव. करंगळीवर जुनी भाजल्याची खूण, बोटांच्या पेरांत स्क्रूड्रायव्हरने पाडलेले घट्टे. हजाराव्या भागात थरथरायला त्याला वेळच मिळाला नव्हता.

"असा होता," ते म्हणाले.

"असा आहे," मी म्हटलं. "हजार वेळा असा असतो, आपल्याला दिसत नाही एवढंच."

मग दुसरा. त्यात हात नव्हताच, पेटीवर बसलेला एक धुक्याचा पक्षी होता. मला वाटलं, हा दाखवायला नको होता. पण त्यांनी तो चिमट्याने उचलला, निथळला, लाल दिव्यापाशी धरला. कागद हलत होता, त्यातला हात मात्र आता हलत नव्हता.

"हा मला द्या," ते म्हणाले. "तो पहिला तुम्ही ठेवा."

"असं का?"

"याच्याबरोबर मला राहायचंय. ओळख करून घेतो."

द्रावणाची डिश हलवायला देता का, म्हणून त्यांनी विचारलं. दिली. पण ती कोपऱ्याने सावकाश उचलायची असते, आणि त्यांच्या हातात तिच्यात लाटा उठायला लागल्या. मी स्पष्ट सांगितलं, "हे जमणार नाही. तुम्ही घड्याळ बघा." त्यांना राग आला नाही. उलट खूश दिसले. "घड्याळ बघतो," म्हणाले आणि अगदी कडक बघितलं.

११ जून

परवा भाऊ आणि भावजय गेले. ट्रक वळेपर्यंत भाऊ मागे वळून हात करत होता. भावजयीने जाताना माझ्या हातात भांड्यांची पिशवी दिली, दोन कप, दोन बशा, दोन ताटं. "एकटीला दोन कशाला?" म्हटलं, तर म्हणाली, "असू देत, एखादं फुटलं तर." माझा तिने काढलेला फोटोही दिला. तिला मी कॅमेरा धरायला शिकवलं होतं. डोकं अर्धं कापलंय, पण मी हसतेय. कुठे बघून हसतेय ते फोटोच्या बाहेर आहे. तेव्हा दुकानाच्या दारात होतो आम्ही.

घर रिकामं वाटतं. रात्री भावाचा खोकला ऐकू येत नाही, याचीही सवय करावी लागेल.

आज दुकानात उघड्या शटरपाशी मी एका लेन्सची पाती बसवत होते. कागदासारखी पातळ, एकमेकांवर सरकणारी. शेवटचं पातं पहिल्याखाली घालायचं असतं. श्वास लागला तरी सगळी विस्कटतात. तेवढ्यात एक तरणाबांड पोरगा आत आला. हातात त्याच्या आत्याचा कॅमेरा, रुमालात गुंडाळलेला. वडाच्या पारंबीसारखा त्याचा पट्टा लोंबत होता.

"काका, हा दुरुस्त होईल का? बाजारात म्हणाले, या रस्त्यावर एक मोठे मेकॅनिक आहेत."

मला वाटलं, आता हे म्हणतील, ठेवून जा.

भिंगबुवांनी डाव्या हाताने कॅमेरा घेतला, कान लावून ऐकला आणि उजवा हात उचलून, हलत होता तसाच, माझ्याकडे बोट केलं.

"मेकॅनिक त्या आहेत," ते म्हणाले. "जरा थांबा. त्यांचा हात आत्ता मोकळा नाही."

तो थांबला. मी मान वर केली नाही. शेवटचं पातं अजून बसायचं होतं.